पुरीच्या किनाऱ्यावर बाबांच्या मागे

आमच्या घरात संशयाला कारण लागत नसे. दूधवाला हसला तर दुधात पाणी, आणि हसला नाही तर नक्कीच पाणी, असा आईचा कायदा होता. शेजारीण वाटीभर बेसन मागायला आली की आईच्या मते ती आमच्या शेगडीवर काय शिजतंय ते बघायला आलेली असे. आईचं माहेर भंडाऱ्याकडचं, धानाच्या शेतीचं. वरच्या बांधीतला, म्हणजे वरच्या खाचरातला, शेजारी बांध फोडून पाणी पळवतो का यावर नजर ठेवायला तिला लहानपणी शेतावर बसवून ठेवत. ‘ती तिथून अजून उठलीच नाही,’ असं बाबा मला डोळा मारत सांगायचे. मी तिचीच मुलगी. आज सत्तरी जवळ आली तरी सून फोनवर हळू बोलू लागली की माझे कान टवकारतात. मग माझी मलाच लाज वाटते आणि मी मुद्दाम टीव्हीचा आवाज वाढवते.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुरीची ती सहल मी जशी आठवते आहे ती संशयाच्याच डोळ्यांनी पाहिलेली आहे. त्या आठ दिवसांत बाबांची क्रेन राहणार की जाणार याचा निकाल लागायचा होता. आई आणि मी मात्र समजत होतो की आमचा संसारच राहतो की जातो याची परीक्षा चालली आहे. मी तेव्हा नववीत होते. भिलाई ज्यात आहे ते राज्य तेव्हा वेगळं झालेलं नव्हतं, पण भिलाई होती तशीच होती. पोलादाच्या कारखान्याची वसाहत, सेक्टर दोनमधलं वरच्या मजल्यावरचं क्वार्टर, मागे पेरूचं झाड, कारखान्याचा भोंगा, आणि संध्याकाळी भट्टीतली तापलेली लोखंडाची मळी ओतली की कारखान्याच्या बाजूचं आभाळ लाल. वाळत घातलेल्या कपड्यांवर बारीक काळी धूळ बसायची. आई ती बोटावर घेऊन बघायची आणि आज कुठली भट्टी जोरात आहे ते बाबांना सांगायची.

बाबा क्रेन चालवायचे. छताला लागून असलेल्या लोखंडी केबिनमध्ये ते बसत. खाली उभा असलेला माणूस हातानं खुणा करी आणि त्या खुणांवर बाबा टनावारी लोखंड उचलून सांगितल्या जागी ठेवत. तो खालचा माणूस म्हणजे आमच्याच खालच्या क्वार्टरमधले गजभिये काका. वर्षानुवर्षं ही जोडी एकाच पाळीत होती. सकाळी जिन्याखाली भेटले की बाबा म्हणत, "जय भीम, गजभिये," आणि काका म्हणत, "राम राम, बोरकर." एकमेकांचा नमस्कार त्यांनी असा वाटून घेतला होता. बाबांच्या हाताचं कारखान्यात नाव होतं. घरातही ते पाण्याची भरलेली घागर जमिनीवर ठेवत तेव्हा पाणी हलत नसे. मी मुद्दाम बघायची. आणि म्हणूनच त्या दिवाळीनंतर त्यांच्या हातून एकदा वरणाचं भांडं लवंडलं तेव्हा आईनं ते पुसलं, पण पुसताना तिनं बाबांकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला ओळखीची होती. ती बांधावरची नजर होती.

त्यानंतर आईचा तपास सुरू झाला. बाबा सायकलवर बसायचे बंद झाले. सायकल हातात धरून, चालत कारखान्यात जायचे. विचारलं तर म्हणत, चेन उतरते. आईनं माझ्याकडून चेन तपासून घेतली. चेन ठीक होती. पंखा पुसायला स्टुलावर चढायचं तर म्हणत, कुंदाला चढव. मागून हाक मारली की आधी थांबत, भिंतीला हात लावत, मग हळूच वळत, जणू वळण्याआधी चेहऱ्यावर काही तरी नीट करून घेत होते. सतत लिंबाचं लोणचं मागत. झोपताना एकाच कुशीवर झोपत. आई दुपारी तांदूळ निवडताना मला हे सगळं एकामागून एक सांगायची आणि शेवटी सूप आपटायची. "हात कापते, तोल जाते, लिंबू लागते. सांग बरं, हे कशाचं लक्षण होय?" मी नववीत होते, दारूचं लक्षण मला कळत होतं. दुसरी एक शंका ती बोलत नसे. कारखान्याजवळच्या कँटीनमध्ये कोणी बाई कामाला लागली होती, एवढंच तिनं दोनदा, काही संबंध नसताना, सांगितलं होतं.

त्यात एलटीसीची वेळ आली. कारखाना काही वर्षांनी एकदा सहकुटुंब फिरायला जायची रजा आणि प्रवासाची सोय देई. आमच्याकडचे बहुतेक लोक ती भंडारा-गोंदियाकडे लग्नकार्यं उरकण्यात घालवत. बाबाही नेहमी तेच करत. त्या वर्षी मात्र ते म्हणाले, "पुरीले जाऊ." आईनं लाटणं थांबवलं. "पुरीले कावून?" "समुद्र पाहू." बाबांना समुद्राचं वेड असल्याचं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. शिवनाथ नदीला पूर आला तरी ते बघायला जात नसत. गजभिये काकांनी ऐकलं तर ते म्हणाले, आम्हीबी येतो, आणि बाबांचा चेहरा पडला. आईनं तेही टिपून ठेवलं.

गाडीतला प्रवास मला चवीनं आठवतो. आईच्या तिखट पुऱ्या, गजभिये काकींच्या हातची भुईमुगाची चटणी, आणि शेजारच्या साहू बाईंनी बांधून दिलेली ठेठरी, जी बेसनाची असून दातांना दगडासारखी लागे आणि तरी हात थांबत नसे. काका खिडकीशी बसून प्रत्येक स्टेशनाचं नाव मोठ्यानं वाचत. बाबा मात्र खिडकीतून बाहेर बघतच नव्हते. धावती झाडं दिसू नयेत म्हणून की काय, तोंडावर रुमाल टाकून पडले होते. "तोंड लपवून राहिले," आई माझ्या कानात म्हणाली.

पुरीला आम्ही समुद्राजवळच्या एका धर्मशाळेत उतरलो. समुद्र पहिल्यांदा पाहिल्यावर मला काय वाटलं ते मी लिहायला हवं, पण खरं सांगायचं तर मी तो नीट पाहिलाच नाही. माझं सगळं लक्ष बाबांवर होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच ते उठले, धोतर वर खोचलं, चपला दाराशी ठेवल्या आणि म्हणाले, "मी चालून येतो. पाय मोकळे होते." काका अंथरुणातूनच म्हणाले, "मी येऊ का बे?" "नाही नाही, तू झोप." परत आले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. तिसऱ्या दिवशीही तेच. जो माणूस कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर जायचं तरी सायकल काढत असे, तो दोन-दोन तास वाळूत चालत होता, आणि तेही एकटा.

"तू जाय मागं," चौथ्या दिवशी आईनं मला उठवलं. "दिसू नको. कुठं जाते, कोणाले भेटते, सारं पाहून ये."

मी गेले. पुरीचा तो किनारा लांबच लांब आहे. देवळाकडून येणाऱ्यांची गर्दी संपली की मासेमारांच्या होड्या लागतात, वाळत घातलेली जाळी, सुकणाऱ्या मासळीचा वास, आणि मग नुसती वाळू. बाबा पुढे ठिपक्याएवढे दिसत होते. मला त्यांना गाठायची गरज नव्हती, कारण ओल्या वाळूत त्यांची पावलं स्पष्ट उमटली होती. दहा-बारा, फार तर वीस-बावीस पावलं सरळ जात आणि मग उजवीकडे, पाण्याकडे ओढ घेत. एके ठिकाणी तर लाटेतच शिरलेली. मग तुडवल्यासारखी जागा, आणि तिथून पुन्हा सरळ सुरुवात, पुन्हा वाकडं. मध्येच बाबा थांबत, हळूच वळत, उकिडवे बसून मागची वाट न्याहाळत. तेव्हा मी होडीआड दडायची. कोणी येतंय का हे पाहताहेत, असंच मला वाटलं. बाई कुठे दिसली नाही. पण अशी पावलं सरळ माणसाची नसतात हे कोणीही सांगितलं असतं. सेक्टरमध्ये पगाराच्या संध्याकाळी असे चालणारे मी पाहिले होते.

मी पळत येऊन आईला सांगितलं. आता वाटतं, निदान त्यांच्या जवळ जाऊन एकदा चेहरा तरी बघायचा होता. त्यांचे डोळे मिटलेले होते हे मला मागून कसं दिसणार?

बाबा आले तेव्हा काका-काकी देवळात गेले होते. आईनं दार लावून घेतलं आणि सरळ त्यांच्या तोंडाजवळ नाक नेलं. वास आला नाही, तरी ती थांबली नाही. "पोरगी पाहून आली. पाय पाहून आली तुमचे. खरं सांगा, घेऊन राहिले ना तुमी?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडतील असं वाटलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काही तरी आलं आणि ते म्हणाले, "हो. घेतली थोडी. चुकलं माह्यं."

आई रडली, मी रडले, बाबांनी यापुढे शिवणार नाही म्हणून कबूल केलं. प्रकरण मिटलं असं मला वाटलं. पण दुपारी आईनं मला ओसरीत बोलावलं. तिचे डोळे कोरडे झाले होते. "कुंदे, माह्या भावानं वीस वर्सं दारू पेली. मरेपर्यंत कबूल नाही केली. हा माणूस एका झटक्यात हो म्हणते? याच्या पोटात याच्याहून मोठं काही आहे."

आई शाळा शिकली नव्हती. पुढे माझ्या आयुष्यात पोलिसखात्यातले दोन जावईही आले, पण असा प्रश्न विचारणारं डोकं मी दुसरं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती पदर खोचून तयार होती. "आज आमीबी येतो." बाबांना नाही म्हणता येईना. आम्ही तिघं निघालो. आई-बाबांना असं जोडीनं चालताना मी तोवर पाहिलंच नव्हतं, कारण ते कुठे चालत जातच नसत. होड्या मागे पडल्या. आईनं बाबांना पुढे जाऊ दिलं आणि पन्नास-एक पावलांवरून अचानक हाक मारली, "अहो!"

बाबा चटकन वळले. इतके दिवस सांभाळून वळणारा माणूस त्या हाकेला फसला. ते वाळूत बसले, मग आडवेच झाले आणि दोन्ही मुठींत वाळू घट्ट धरून राहिले. डोळे मिटलेले. "धर व मले," ते म्हणाले. आई धावली. तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, आणि मग बाबांनी सगळं सांगितलं.

दिवाळीपासून त्यांना चक्कर येत होती. मान फिरवली की सगळं फिरायचं. पुढच्या महिन्यात क्रेनवाल्यांची तपासणी होती. तिच्यात डोळे मिटून सरळ रेषेत चालून दाखवावं लागे. "भिलाईत कुठं चालून पाहू? सेक्टरमंधी पन्नास जन पाह्यतात. अन् डांबरावर पाऊल उमटत नाही. इथं कसं, मागं वळून पाह्यलं का समजते, सरळ गेलो का वाकडा." मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "काल बावीस पावलं सरळ गेलो, कुंदा." शाळेतल्या पोरानं मार्क सांगावे तसं.

"डाक्टरले दाखवा," आई म्हणाली.

"डाक्टरनं लिहिलं का क्रेन गेली. मंग स्टोअरात बसून हाताचे दस्ताने वाटा. मी, बोरकर क्रेनवाला, दस्ताने वाटू?"

आईनं विचारलं, "तुमी वर असता तवा खाली कोन असते?"

उत्तर आम्हा तिघांनाही माहीत होतं. बाबा एवढंच म्हणाले, "कोनाले सांगशीन तं माह्यं मेलं तोंड पाहशीन."

त्या दिवशी काकींनी मासळीचा रस्सा केला होता. त्यांनी बाबांच्या ताटात आग्रहानं आणखी एक तुकडा वाढला आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमची तब्येत उतरली, खा." काका शेजारी मांडी घालून, भात कालवत, काही तरी गमतीचं सांगत होते. आई एकदा काकांकडे, एकदा बाबांकडे बघे, आणि मला दिसत होतं की तिच्या डोळ्यांसमोर काय येतंय, कारण माझ्याही डोळ्यांसमोर तेच होतं. वरून उतरणारं लोखंड, आणि खाली हात वर करून उभा असलेला हा हसरा माणूस. शपथ आईला घातली होती. मला कोणी घातली नव्हती. लहान म्हणून मला कोणी हिशेबात धरलंच नव्हतं.

चार वाजता काका सुकी मासळी घ्यायला मासेमारांकडे निघाले, मी त्यांच्यासोबत गेले. सकाळी ज्या वाटेनं तिघं गेलो त्याच वाटेनं. शेवटी मी एका दमात म्हणाले, "काका, बाबांना चक्कर येते. तुम्ही त्यांच्या क्रेनखाली उभे राहू नका."

काका सुकटीची मूठ नाकाशी नेऊन वास घेत होते. त्यांनी ती सावकाश टोपलीत परत टाकली. "माहीत आहे मले."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. आधी तुह्या बाबाचा हूक उतरे तं मी न पाहता हात वर करो, हातात ये. आता हातभर पुढं जाते. मी दोन पावलं मांगं उभा राहतो."

"मग सांगितलं कावून नाही?" घरातली बोली माझ्या तोंडून निघून गेली.

"कोनाले सांगू? साहेबाले? तुह्या बाबाची चुगली करू? तो आपल्या तोंडानं सांगीन म्हणून वाट पाहून राहिलो. पुरीलेबी त्याच्यासाठीच आलो." मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू काही सांगू नको त्याले."

मला राग आला. अंगाचा भडका उडावा असा राग मला आयुष्यात दोन-तीनदाच आला असेल, त्यातला हा पहिला. आई गप्प, काका गप्प, बाबा खोटं दारूडेपण पत्करून गप्प, आणि सगळे एका ताटाभोवती बसून मासळी खात होते. धर्मशाळेत शिरले तर बाबा ओसरीत बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "काकांना सगळं माहीत आहे. ते तुमच्या क्रेनखाली दोन पावलं मागे उभे राहतात."

बाबांचा हात उठला. माझ्या गालाशी येऊन थांबला आणि खाली गेला. ते ओसरीवरून उतरले, कठडा धरत, आणि काका फाटकाशी नळावर पायांची वाळू धूत होते तिथे जाऊन उभे राहिले. आई आणि काकी दारात आल्या.

"कावून उभा राहतो बे मंग?" बाबा ओरडले. त्यांचा आवाज चिरकला होता. "पाळी बदलून घ्यायची होती! दुसऱ्या क्रेनवर जायचं होतं! तुले बायको नाही? लेकरं नाही?"

काकांनी आधी नळ बंद केला. "मी हटलो तं तिथं दुसरा कोनी उभा राहीन, बोरकर. त्याले माहीत नसन."

काकींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी आईचा दंड धरला, आणि आईनं मान खाली घातली. बाबा तिथेच नळाच्या ओल्या ओट्यावर बसले, आणि काका त्यांच्याशेजारी बसले, धोतर भिजतंय याची दोघांनाही शुद्ध नव्हती. बाबा नुसतं डोकं हलवत राहिले. तेवढ्या हलवण्यानंही त्यांना फिरत असणार.

दिवेलागणीला त्यांनी मला हाक मारली. वही आण म्हणाले. त्यांना हिंदी वाचता येई, पण अर्ज लिहायचा म्हणजे अक्षर माझंच लागे. साहेबांच्या नावानं, कारखान्याच्या हिंदीत, ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. मजकूर असा, मला क्रेनवरून उतरवून दुसरं कुठलंही काम द्यावं. कारण लिहायची वेळ आली तेव्हा मला त्यांची दया आली आणि मी आपल्या मनानं लिहिलं, "मुझे कभी-कभी चक्कर आते हैं।" बाबांनी कागद हातात घेऊन दिव्याजवळ धरला. काका त्यांच्या खांद्यावरून वाचत होते.

"हे ‘कभी-कभी’ खोड," बाबा म्हणाले.

मी खोडलं. त्यांनी सही केली आणि सहीखाली, इतक्या वर्षांच्या सवयीनं, ‘क्रेन ऑपरेटर’ असं लिहिलं. ते चूक झालं, आता तसं नको लिहायला, असं मला वाटलं आणि मी पेन पुढे नेलं. बाबांनी कागदावर हात ठेवला आणि ते मला खोडू दिलं नाही.